डक्टमधली नदी

आजी पुस्तक उलटं धरून वाचतेय, हे सगळ्यात आधी मुलीच्या लक्षात आलं. तिने ते सकाळच्या चहाच्या वेळी जाहीर केलं आणि कॉम्प्युटररावांच्या हातातलं बिस्कीट कपात बुडालं ते बुडालंच.

कॉम्प्युटरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर होते, आणि इमारतीत कोणाचा प्रिंटर रुसला किंवा कोणाचा पासवर्ड हरवला की लोक पाचव्या मजल्यावर येऊन "कॉम्प्युटर आहेत का घरी?" असं विचारत. आपण दूरदूरच्या सर्व्हरांना एकमेकांशी बोलतं ठेवण्याचं काम करतो, प्रिंटरला हात लावून आपल्याला अठरा वर्षं झाली, हे त्यांनी सुरुवातीला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. लोक सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मग प्रिंटर पुढे करत.

त्यांची आई खिडकीशी बसली होती. मांडीवर तिची ती जाडजूड जुनी कादंबरी, जिचं मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं केव्हाच गळून गेली होती, त्यामुळे तिचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं. आई ठरावीक वेळाने पान उलटत होती. नजरेच्या बरोबर मधोमध धुकं साचत चाललंय, चष्म्याने आता काही होणार नाही, असं डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हापासून ती कमी कमी बोलायला लागली होती. अलीकडे तर दिवसभरात "चहा झाला का?" आणि "पंखा बंद करा रे" एवढ्यावर आली होती.

"आई, दिसतंय का तुला?" त्यांनी विचारलं.

"हातात असलं की बरं वाटतं," आई म्हणाली. मग जरा थांबून, "तू दाखव ना वाचून कधीतरी."

कॉम्प्युटरराव विचारात पडले. "रोज वेळ कुठे मिळणार, आई? त्यापेक्षा मी करतो काहीतरी."

"मी करतो काहीतरी" हे शब्द ऐकताच स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोने डोळे मिटून घेतले. माळ्यावर एक बिनतारांची गिटार, माशांची एक गळकी काचपेटी, माती मळायचं चाक आणि अर्धवट विणलेला मफलर पडलेला होता. त्या प्रत्येकाची सुरुवात याच तीन शब्दांनी झाली होती.

त्यांनी केलं ते असं. एक जुना फोन घेतला, त्यावरचं सगळं पुसून टाकलं आणि पडद्यावर एकच मोठं पिवळं बटण ठेवलं. ते दाबलं की कॉम्प्युटररावांच्या आवाजात पुस्तक सुरू. पुन्हा दाबलं की बंद. जिथे थांबलो तिथून पुढे. किती वेळा दाबलं, कधी दाबलं, सगळ्याची आत नोंद. या बटणावर त्यांनी दोन रविवार घालवले आणि ते खरोखरच देखणं झालं. आता उरलं होतं फक्त पुस्तक वाचून रेकॉर्ड करायचं, म्हणजे किरकोळ काम.

दिवाणखान्यात पहिलं पान वाचताना पलीकडच्या घरी भिंतीला भोक पाडायला सुरुवात झाली. बाल्कनीत गेले तर समोरच्या इमारतीतल्या कुत्र्याने प्रत्येक वाक्याला दुजोरा दिला. मग कुठेतरी वाचलेलं त्यांना आठवलं की कपड्यांत आवाज छान मुरतो. ते बायकोच्या कपाटात शिरले आणि लोंबत्या कोटांमध्ये उकिडवे बसून पाऊण पान वाचलं. तेवढ्यात बायको आली, दार उघडं दिसलं म्हणून किल्ली फिरवून कामावर गेली. ती एका औषधांच्या प्रयोगशाळेत होती आणि तिथे फोन आत न्यायला बंदी होती. पुढचे दोन तास कॉम्प्युटररावांनी कसे काढले हे ते कोणालाही सांगत नाहीत. मुलीने शाळेतून आल्यावर दार उघडलं, तेव्हा "जरा विचार करत होतो," एवढंच म्हणून ते बाहेर आले.

शेवटी उरलं बाथरूम. भिंतींना टॉवेल टांगले, खाली पायपुसणं अंथरलं, बादली पालथी घालून तिच्यावर बसले, आणि काय सांगावं, तिथे शांतता होती. सकाळी सात ते आठ या वेळात वरच्या झरोक्यातून एक तिरका उजेड यायचा आणि फरशीवरून हळूहळू त्यांच्या पायांकडे सरकायचा. झरोक्यापलीकडे इमारतीचा डक्ट होता, म्हणजे नळांच्या आणि पायपांच्या वाटेची ती उंच अरुंद पोकळी. तिथून कधीतरी एखादं पारवं घुमायचं. बाकी काही नाही.

गोष्ट होती एका नावाड्याची. नदीच्या अलीकडे तो, पलीकडच्या काठावर एका बाईची खाणावळ. बाई रोज संध्याकाळी दिवा बाहेर टांगायची आणि तो दिवा दिसला की नावाडी शेवटची खेप मारायचा. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. तीनशे पानांत त्यांचं जे बोलणं होतं ते बहुतेक हवापाण्याविषयी.

पहिला भाग ऐकून आई म्हणाली, "तू वाचतोयस की तक्रार नोंदवतोयस?"

"म्हणजे?"

"पूर्णविराम आला की माणूस जरा टेकतो रे. तू सिग्नल तोडल्यासारखा जातोस."

कॉम्प्युटररावांना हे लागलं. पण दुसऱ्या दिवशी ते पूर्णविरामाशी टेकले. आणि टेकल्यावर त्यांना पहिल्यांदाच त्या वाक्यांमागचं पाणी ऐकू आलं. तिसऱ्या आठवड्यात अशी परिस्थिती झाली की सकाळचा तो एक तास संपला तरी ते पुरते काठावर यायचे नाहीत. ऑफिसच्या कॉलवर पडद्यावर बारा चौकोनी चेहरे बोलत असत, आणि यांच्या डोळ्यांसमोर धुक्यातून एक वल्हं आत जाई, वर येई, थेंब गळत. एकदा मॅनेजरने विचारलं, "तुमचं मॉड्यूल कधीपर्यंत होईल?" आणि कॉम्प्युटरराव अगदी मनापासून म्हणाले, "पूर ओसरला की लगेच."

मॅनेजर सज्जन माणूस होता. त्याने बैठकीच्या टिपणात 'अडथळा : पूर' असं लिहिलं, आणि पुढच्या सोमवारी पूरस्थितीचा आढावा घ्यायला अर्धा तास राखून ठेवला.

याच सुमाराला इमारतीतलं पाणी संपायला लागलं. गच्चीवरची टाकी सकाळी नऊपर्यंत पुरायची, ती सव्वाआठलाच कोरडी पडू लागली. सेक्रेटरींनी लिफ्टजवळ सूचना लावली. हे सेक्रेटरी कुठल्याशा कार्यालयात नोंदणी विभागात होते आणि त्यांच्या सूचनेला नेहमी परिशिष्ट असायचं. 'सभासदांनी पाणी जपून वापरावे' एवढ्यासाठी दीड पान आणि 'जपून' या शब्दाची व्याख्या. तरी पाणी संपायचं ते संपायचंच. प्लंबर येऊन गेला. त्याने गच्चीवर जाऊन टाकीवर दोनदा टकटक केलं आणि "गळती नाही, माणसं आहेत," असं निदान करून निघून गेला.

तेव्हा सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर आले. "कॉम्प्युटर आहेत का घरी?"

प्रिंटर हातात नव्हता, हे पाहूनच कॉम्प्युटररावांचं मन भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा इमारत त्यांच्याकडे खऱ्या कामासाठी आली होती. प्रत्येक घराला जाणाऱ्या पायपाची सुरुवात गच्चीवर होती. त्यांनी खणातले छोटे सेन्सर काढले, वीसही पायपांवर बसवले आणि दर मिनिटाला कोणाकडे किती पाणी जातंय ते टिपायला सुरुवात केली. यासाठी अर्ज करावा लागला. अर्ज एकदा 'कार्याचे स्वरूप' हा रकाना अपुरा भरला म्हणून आणि एकदा तो सविस्तर भरला म्हणून परत आला. दोन आठवडे आकडे गोळा झाले. शेवटचे तीन दिवस तर त्यांनी सकाळचं वाचनही बाजूला ठेवलं आणि आलेख रंगवण्यात बुडून गेले. आई त्या तीन दिवसांत एकदाच म्हणाली, "आज पण नाही का?" पण ते रंगाच्या छटा निवडत होते.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. दोन गाड्यांच्या मधे पांढरी चादर ताणली होती. कॉम्प्युटररावांनी घसा साफ केला.

"हे बघा. सगळ्या इमारतीचं पाणी नेहमीसारखंच आहे. फरक फक्त एका उभ्या रांगेत आहे. एकशे चार, दोनशे चार, तीनशे चार आणि चारशे चार. रोज सकाळी बरोबर सातला या चारही घरांत बारीक धार सुरू होते आणि बरोबर आठला बंद होते. एक तास. सलग."

पार्किंगमध्ये सगळ्या माना त्या चार घरांकडे वळल्या. चारही घरं आपापल्या चपलांकडे बघू लागली.

"आणि तुमचं पाचशे चार?" सेक्रेटरींनी विचारलं. "रांग तर तीच."

"आमच्याकडे त्या तासात शून्य," कॉम्प्युटरराव अभिमानाने म्हणाले. "आता गंमत बघा. गेल्या तीन दिवसांत ही धार एकदम बंद झाली आहे. सगळ्यांकडे एकाच दिवशी. याचं कारण मात्र मला आकड्यांत सापडलं नाही."

मग दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्या एरवी माणसाला तोंड उघडायला लावतात आणि स्वतः कधी उघडत नाहीत, अचानक म्हणाल्या, "तीन दिवस तुम्ही वाचलंच नाहीत ना! तो पुरात होडी घालणार होता. घातली का नाही?"

कॉम्प्युटरराव त्यांच्याकडे बघतच राहिले.

मग तिसऱ्या मजल्यावरचे स्टेनोकाका उठले. त्यांचा सारा जन्म कोर्टात लोकांचे जबाब लघुलिपीत उतरवून घेण्यात गेला होता, त्यामुळे कबुलीजबाब कसा द्यावा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "त्याचं असं आहे," ते म्हणाले, "महिन्यापूर्वी मी अंघोळीला गेलो, तर झरोक्यातून आवाज आला. 'नदीला त्या दिवशी घाई नव्हती.' मी साबण हातात धरून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही आवाज आला. आता नळ पुरता सोडला तर ऐकू येत नाही. आणि बंद केला तर ही बाहेरून विचारते, 'झालं का?' म्हणून मी बारीक धार सोडून ठेवतो."

"मी पण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आमच्याकडे तर दोघं आळीपाळीने जातो," पहिल्या मजल्यावरचा बेकरीवाला म्हणाला. "मग एकमेकांना सांगतो मधलं काय झालं ते."

कॉम्प्युटररावांच्या कानशिलांत गरम व्हायला लागलं. ज्या बाथरूमला ते जगातली सगळ्यात खाजगी जागा समजत होते, तो एक कर्णा होता आणि त्याचं तोंड चार मजल्यांत उघडत होतं.

"तसं पहिल्या आठवड्यात फारच वाईट वाचत होतात," स्टेनोकाका सहानुभूतीने म्हणाले. "नंतर सुधारलात. फक्त ती बाई बोलते तेव्हा तुम्ही आवाज बारीक करता, तेवढं करू नका. खाणावळ चालवणारी बाई आहे ती."

"मला एक कळलं नाही," चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "मधेच एक दिवस तो म्हणतो, 'सर, मला हे काम आता झेपत नाही, मी राजीनामा देतोय.' दोनतीनदा म्हणतो, वेगवेगळ्या आवाजात. नावाड्याला सर कुठून आला?"

कॉम्प्युटररावांनी बायकोकडे बघितलं नाही. बायकोने मात्र त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग वहिनींना म्हणाली, "ते वेगळं प्रकरण आहे. ते मी वाचून घेईन."

सेक्रेटरींची अडचण निराळी होती. डक्ट ही सामायिक जागा. सामायिक जागेत कार्यक्रम करायचा तर लेखी परवानगी लागते. पण तो बंद करावा तर नियमात बाथरूममधल्या मोठ्या आवाजाचा उल्लेखच नाही. तासाभराच्या चर्चेनंतर ठराव झाला : 'क्र. ५०४ यांनी वाचन चालू ठेवावे. श्रोत्यांनी नळ पूर्ण बंद ठेवावेत. कुटुंबीयांनी बाहेरून "झालं का?" असे विचारू नये.' एकमताने संमत. सेक्रेटरी दुसऱ्या रांगेत राहत होते. सभा संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं की आमच्या बाजूने ऐकू यायची काही सोय होईल का.

घरी आल्यावर बायकोने दार लावून घेतलं. "राजीनामा?"

"सरावच करत होतो," ते म्हणाले. "बारा चौकोन दिसतात गं दिवसभर. कोणाशी बोललो असं वाटत नाही."

"मला सांगायचं सोडून भिंतीला सांगितलंस."

"भिंत विचारत नाही ना, की मग पुढे काय."

ती हसली नाही, पण तिने त्यांच्यासाठी चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत दोघं स्वयंपाकघरातच उभे राहून बोलले. राजीनामा द्यायचा नाही आणि नुसतं सहनही करायचं नाही, मॅनेजरशी कामाच्या वाटणीबद्दल नीट बोलायचं, असं काहीसं ठरलं.

दुपारी दुखावलेल्या मनाला तेवढाच आधार म्हणून कॉम्प्युटररावांनी आईच्या फोनमधली नोंद उघडली. बाकी कोणी काही म्हणो, ज्या एका श्रोत्यासाठी हे केलं ती तरी ऐकत होती. एकूण बावीस भाग. बटण दाबल्याची संख्या : एक.

त्यांनी आकडा पुन्हा तपासला. मग फोन घेऊन बायकोकडे गेले. "आईने पहिल्या दिवसानंतर एकदाही ऐकलं नाही."

"ऐकतात की रोज," बायको म्हणाली. "सात वाजले की बाथरूमच्या दाराशी खुर्ची ओढून बसतात. दाराला कान लावून. तू बाहेर यायच्या आधी उठून जातात."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू दारालाही टॉवेल लावला असतास."

कॉम्प्युटरराव जाऊन आईच्या खिडकीशी उभे राहिले. आई बाहेर बघत होती, म्हणजे चेहरा बाहेरच्या बाजूला होता. त्यांना काही बोलायचं होतं, पण पाठ केलेलं काहीच उपयोगाचं निघालं नाही.

"उद्या दार उघडं ठेवतो," ते म्हणाले.

"ठेव," आई म्हणाली. "गुडघे दुखतात रे वाकून ऐकायला."

सोमवारी बरोबर सातला त्यांनी पुस्तक उघडलं. दार उघडं, दारात आई. डक्टमध्ये एकामागून एक चार नळ करकरत बंद झाले. नदी फुगली होती. पलीकडे दिवा लागला नव्हता. नावाड्याने दोर सोडला, एक पाय होडीत ठेवला, आणि कॉम्प्युटररावांनी पान उलटलं.

पुढे पुठ्ठा होता.

"काय झालं?" खालून स्टेनोकाकांचा आवाज आला.

"पानं नाहीत," कॉम्प्युटरराव झरोक्याकडे तोंड करून म्हणाले. "शेवटची पानं गळलीत."

डक्टमधून जे वर आलं ते इथे लिहिता येणार नाही. त्यातलं बरंचसं बेकरीवाल्याचं होतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सगळी रांग कामाला लागली. स्टेनोकाकांनी बांधणीत उरलेले कागदाचे कपटे भिंगाखाली मोजून दहा किंवा फार तर बारा पानं गेली असावीत असा दाखला दिला. कॉम्प्युटररावांनी इंटरनेटवर 'नावाडी खाणावळ पूर' असं शोधलं, तर होड्या भाड्याने देणारे सहाजण आणि एक हॉटेल सापडलं. डॉक्टरीणबाई दवाखाना अर्धा तास उशिरा उघडून वाचनालयात गेल्या. तिथला कारकून म्हणाला, "नाव?" त्या म्हणाल्या, "तेच तर माहीत नाही." "लेखक?" "तेही नाही." कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग बाई, तुम्हाला पुस्तक हवंय असं तरी कशावरून म्हणता?"

बुधवारी सकाळी कॉम्प्युटरराव पालथ्या बादलीवर नुसतेच बसले होते. झरोक्यातला उजेड फरशीवरून सरकत होता. खाली चारही मजले गप्प होते, पण सगळे आलेले होते. एक खोकला, एक उसासा, कोणाचंतरी स्टूल सरकलेलं कळत होतं.

"मला कोणी विचारणार आहे का?" दारातून आई म्हणाली.

"काय, आई?"

"सहा वेळा वाचलंय मी ते. ऊठ. खुर्ची आत घे माझी."

त्यांनी खुर्ची आत घेतली आणि झरोक्याखाली ठेवली. आई बसली. पदर सारखा केला. मग मान वर करून तिने डक्टला विचारलं, "आहात ना सगळे?"

"हो काकू!" "आहोत!" "बोला!"

आणि आई बोलायला लागली. गेल्या कित्येक महिन्यांत ती जेवढं बोलली नव्हती तेवढं ती त्या अर्ध्या तासात बोलली. नावाड्याने होडी पाण्यात घातली. पाणी तांबडं, जड, मधे झाडं वाहत येतायत. वल्हं मोडलं. पलीकडे अंधूक काहीतरी हललं. कॉम्प्युटरराव दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर टेकले, मागे बायको टॉवेल खांद्यावर टाकून उभी, मुलगी दप्तर पाठीला अडकवून. टेबलावर ऑफिसचा कॉल वाजून वाजून थांबला. आईच्या आवाजाला काही घाई नव्हती. ती वाक्याच्या शेवटी थांबायची तेव्हा सगळी इमारत थांबल्यासारखी वाटायची.

मधेच तिने सांगितलं की नावाड्याला भीती वाटली की तो शर्टाची वरची गुंडी लावायचा आणि लगेच काढायचा. कॉम्प्युटररावांनी चमकून वर बघितलं. ही खोड त्यांनी पुस्तकात कुठेच वाचली नव्हती. ती त्यांच्या वडिलांची होती. वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आईचा चेहरा झरोक्याकडे होता आणि तिला समोरचं स्पष्ट दिसत असावं असा तो दिसत होता.

"उरलेलं उद्या," आई म्हणाली. "दमले मी."

खालून नाराजीचा एक लोंढा वर आला. आईने तो ऐकून घेतला, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

गुरुवारी होडी मधल्या एका बेटाला लागली. शुक्रवारी त्या बेटावर आणखी दोन माणसं निघाली, त्यातल्या एकाकडे खाणावळवाल्या बाईची खबर होती. पुढच्या आठवड्यात बाईची बहीण आली, जिचा तीनशे पानांत मागमूस नव्हता. सेक्रेटरी आता रीतसर पाहुणे म्हणून चारशे चारमध्ये येऊन ऐकत. मॅनेजरशी बोलून कॉम्प्युटररावांनी सकाळचा कॉल साडेनऊवर ढकलून घेतला होता. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'आई' एवढंच लिहिलं आणि गंमत म्हणजे कोणी काही विचारलं नाही.

पाचवा आठवडा संपत आला तेव्हा मात्र स्टेनोकाकांना राहवलं नाही. नोंदी ठेवणारा माणूस तो. आई श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून त्यांचा अदबीचा आवाज आला, "काकू, एक शंका. मी मोजली होती तेव्हा शेवटची दहा-बाराच पानं गेली होती."

कॉम्प्युटररावांनी उंबऱ्यावरून आईकडे बघितलं.

"तुम्ही वाचलंय का ते पुस्तक?" आईने विचारलं.

"नाही."

"आणखी कोणी वाचलंय?"

दोनशे चारमधून फक्त डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "काका, गप्प बसा ना."

"मग ऐका," आई म्हणाली, खुर्चीत जरा सावरून बसली, आणि तिने होडी पुन्हा पाण्यात घातली.